घरत काकांची लाल पेन्सिल

आमच्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर पाण्याच्या वेळापत्रकापेक्षा खोट्या बँकांची पत्रंच जास्त असतात. चौथ्या मजल्यावरचे घरत काका ती आणून लावतात. स्वतःच्या ईमेलवर आलेलं पत्र ते झेरॉक्सवाल्याकडून छापून आणतात, त्यातल्या लबाडीच्या जागांना लाल पेन्सिलीने गोल करतात, खाली मोठ्या अक्षरांत 'रिजेक्ट' लिहितात, तारीख घालतात आणि सही ठोकतात. मागे दुसऱ्या मजल्यावर मुलगी बघायला पाहुणे आले होते. त्यांनी बोर्डावरचं 'आपले खाते आज गोठवण्यात येत आहे' एवढंच वाचलं आणि जिन्यातूनच परत निघाले. काकांना खाली बोलावून खुलासा करावा लागला. काकांनी तो पाऊण तास केला. लग्न जमलं, पण तो जावई अजून काकांना लिंका पाठवून विचारत असतो.

आम्ही बदलापुरात सोनिवलीच्या अंगाला राहतो. चार मजले, लिफ्ट 'लवकरच'. मी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर काकांच्या खाली. आनंदनगर एमआयडीसीत बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी डिस्पॅचला आहे. म्हणजे माल बघून पाठवणं हे माझंही काम, पण काकांसमोर मी हे बोलत नाही. काका अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस होते. हातात मापाचं गेज घेऊन त्यांनी आयुष्य काढलं. गेज आत गेलं तर पास, अडकलं तर रिजेक्ट. "माणसाचं तोंड बघायचं नाय, माप बघायचं," हे त्यांचं पहिलं वाक्य. "सही करायच्या आधी हात लावून बघायचं," हे दुसरं. रिटायर झाल्यावर गेज कारखान्यात राहिलं आणि ही दोन वाक्यं घरी आली.

खोटी लिंक ओळखायची त्यांची एक रीत आहे. ती त्यांनी आम्हा सगळ्यांना इतक्या वेळा शिकवली आहे की माझ्या सासूबाईंनाही झोपेतून उठवून विचारलं तर सांगतील. लिंक आली की ती दाबायची नाही, वाचायची. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्यायच्या. मग पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते बघायचं.

"ते त्याचं आडनाव," काका म्हणतात. "आडनाव बघ, वंदना. त्याच्या आधी बँकेचं नाव कुणीपण लावील. मी उद्या स्वतःला राजा घरत म्हणवलं तर काय राजा होतो? आडनाव घरत ते घरतच. ह्याच्यात पुढे बँक लिवलीय, सेवा लिवलंय, सुरक्षा लिवलंय, आणि आडनाव बघ काय, डॉट टॉप! कुठल्या गावचा हा?"

मग ते भिंग काढतात. एलच्या जागी एक आणि ओच्या जागी शून्य सापडलं की त्यांचा चेहरा इतका खुलतो की चोरावर राग कसा तो येत नाही. "कारागीर चांगला हाय," ते म्हणतात. "चुकीच्या धंद्यात गेला."

त्यांना येणाऱ्या फोनांचं तर विचारूच नका. उन्हाळ्यात दारं उघडी असतात, त्यामुळे वरचं सगळं खाली ऐकू येतं. "सर, मैं बँक से बोल रहा हूँ" असं कुणी म्हणालं की तुम्हीआम्ही फोन कापतो. काका खुर्ची ओढून बसतात. त्याला गाव विचारतात, जेवलास का विचारतात, आईबाप आहेत का विचारतात. एकदा मी कपडे वाळत घालेपर्यंत, म्हणजे दोन बादल्या होईपर्यंत, ते एका चोराला आपल्या गुडघ्याची हकीकत सांगत होते. शेवटी आवाज थांबला. जिन्यात भेटले तेव्हा तोंड उतरलेलं.

"काय झालं काका?"

"ठेवला त्यानं. मधीच." मग एक पायरी चढून म्हणाले, "बरा होता पोरगा. ऐकून घेत होता."

मी हे घरी हसून सांगितलं आणि सगळे हसले. मीही हसले. आज त्याचं वाईट वाटतं, पण तेव्हा हसले हे खरं आहे.

काकांना हे वेड कुठून लागलं ते बिल्डिंगला ठाऊक होतं. म्हणजे ठाऊक आहे अशी आमची समजूत होती. सुनंदा काकू, त्यांची बायको, त्यांना दोन वर्षांपूर्वी असाच एक मेसेज आला होता. खातं बंद होईल, इथे दाबून माहिती भरा. काकूंनी दाबलं, भरली, आणि दोघांनी गाठीला ठेवलेलं बरंच काही गेलं. त्या संध्याकाळी काका गेटपाशी आले आणि दहाबारा माणसांसमोर म्हणाले, "हिला काय कळतं! दिसंल तिथं बोट लावती." काकू शेजारीच उभ्या होत्या. पदर खांद्यावर ओढून घेतला आणि बघत राहिल्या.

मग आम्हीही चेष्टा केली. वाईट हेतूने नव्हे, पण केली. लिफ्टचं बटण लावलं असतं तर काकूंपासून लपवावं लागलं असतं, हा विनोद माझा. काकू आधी संध्याकाळी बाकावर येऊन बसायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. त्या बिल्डिंगच्या खऱ्या यजमानीण होत्या. कुणाकडे काहीही असलं की हळदकुंकवाची कोयरी घेऊन सोळाच्या सोळा दारं ठोठावून बोलावणं करणं हे त्यांचं काम. "जेवाला या गो," असं म्हणायच्या आणि आपण 'बघते' म्हटलं तर दारातून हलायच्या नाहीत. घरत काका-काकूंना मूलबाळ नाही. काकूंनी सगळी बिल्डिंगच जेवू घातली होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, दुपारच्या झोपेत त्या गेल्या.

त्यानंतर काकांची लाल पेन्सिल बाहेर निघाली. आधी बोर्ड, मग प्रवचनं, आणि मग ड्रिल.

कारखान्यात आगीचं ड्रिल असायचं, भोंगा वाजला की बाहेर पळायचं. काकांनी तसंच खोट्या मेसेजचं ड्रिल काढलं. एक दुसरं सिम घेतलं आणि एका सकाळी सगळ्यांना मेसेज आला: उद्यापासून आपल्या सोसायटीचे पाणी बंद, चालू ठेवण्यासाठी खाली दाबा. बदलापुरात पाणी म्हटल्यावर कोण थांबतं? सोळापैकी अकरा घरांनी दाबलं. दाबलं की काकांचा फोटो उघडायचा. कारखान्याचा कोट, हातात लाल पेन्सिल, खाली लिहिलेलं: 'तुम्ही रिजेक्ट. वर येऊन भेटा.'

सेक्रेटरी शिंदेंनी स्वतः दोनदा दाबलं होतं, म्हणून ते जास्त भडकले. मीटिंग बोलावली. तळमजल्यावरच्या सिंधी मेघराजभाईंचं उल्हासनगरला जीन्सचं दुकान आहे, त्यांनी बाजू घेतली. "साईं, गुस्सा मत करो. आदमी फ्री में सिखाता है. अपना दुकान में तो चोर आके सिखाके गया." शेवटी ठराव झाला की श्री. घरत यांनी महिन्यातून एकच ड्रिल घ्यावे. हा ठराव वहीत लिहिलेला आहे. काकांनी त्यावर वाचून, भिंगातून पुन्हा वाचून, मग सही केली.

आणि काय सांगू, आम्हाला त्याचा नादच लागला. काका दर महिन्याला निकाल बोर्डावर लावायचे, मजल्यानुसार. आधी ओळखेल त्याचं नाव वर. 'कारणासह रिजेक्ट' लिहिणाऱ्याला जास्त गुण. वीज कापण्याचा मेसेज गेला, कुरिअरचा गेला, लग्नाच्या पत्रिकेच्या नावाखाली येणारी फाइल गेली. काका प्रत्येक वेळी नवा धडा द्यायचे. फुकट काही देत असेल तर संशय घ्या. घाई करत असेल तर संशय घ्या. ओळखीच्या नंबरावरून आलं तरी फोन चोराच्या हातात असू शकतो. आणि एक धडा त्यांनी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितला होता: "जवळच्या माणसाचं नाव घालतात. नाव वाचलं की हात थरथरतो आणि बोट पडतं. तिथं जास्त सांभाळा." तीन महिने सलग माझा पहिला नंबर होता. ऑफिसात डिस्पॅचच्या चुका निघत होत्या, पण इथे मी पहिली.

दोन महिन्यांपूर्वी महिन्याचा शेवटचा आठवडा आला तरी ड्रिल झालं नव्हतं. शिंदे रोज ग्रुपवर विचारत होते, काका, पेपर कधी? शनिवारी सकाळी काकांच्या नेहमीच्या नंबरावरून ग्रुपवर मेसेज पडला:

'उद्या रविवारी दुपारी साडेबारा वाजता माझ्या घरी सर्वांनी जेवायला यावे. कै. सौ. सुनंदा हिच्या आठवणीने. जेवणानंतर एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. जरूर यावे, चुकवू नये. किती माणसे येणार ते खालील लिंकवर आजच कळवावे.'

मी भाजी चिरत होते. हात पुसला आणि एका मिनिटाच्या आत लिहिलं: 'रिजेक्ट! कारणे: १. फुकट जेवण. २. आजच कळवा म्हणून घाई. ३. जवळच्या माणसाचे नाव घालून हात थरथरवण्याचा प्रयत्न. काका, या वेळी जरा सोपा काढलात.' पुढे एक जीभ काढलेला चेहराही टाकला.

मग रांगच लागली. रिजेक्ट, रिजेक्ट, लाल फुल्या, टाळ्या. मेघराजभाईंनी लिहिलं, 'काका, आप हमको नहीं पकड सकते.' सगळ्याच्या सगळ्या घरांनी ओळखलं, असं प्रथमच झालं. तासाभराने काकांचं उत्तर आलं: 'सर्व पास. शाब्बास.'

रविवारी दुपारी एकच्या सुमारास मी पापड घेऊन गच्चीवर निघाले. चौथ्या मजल्यावर वालाच्या बिरड्याचा वास आला. काकांचं दार सताड उघडं होतं. बाहेर एकही चप्पल नव्हती. आत बघितलं तर हॉलमध्ये भिंतीला लागून तीन पंगती मांडलेल्या. पत्रावळी, प्रत्येकीभोवती खडूच्या रेघेसारखी ओबडधोबड, पुरुषाच्या हाताने काढलेली रांगोळी, पाण्याचे पेले भरलेले. मधल्या पंगतीच्या टोकाला काकूंचा फोटो. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. स्वयंपाकघरात सोनिवली गावातली, ऑर्डरी घेणारी बाई वड्यांच्या परातीवर फडकं टाकत होती.

माझ्या हातातली पापडांची थाळी मी तिथेच जमिनीवर ठेवली.

"काका, हे खरं होतं?"

"हो गं. गावाला वर्षश्राद्ध झालं परवा. पण तिची माणसं हितलीच ना. म्हटलं, जेवू घालू. बाईला पानांचा आकडा द्यायचा होता, म्हणून ती लिंक."

"मग काल का नाही सांगितलंत? शाब्बास काय लिहिलंत?"

"मग काय लिवू?" काका शांतपणे म्हणाले. "तुम्ही नियमानं तपासलं. लिंक होती, घाई होती, फुकट होतं. तू तर कारणं पण बरोबर दिलीस. बरोबर तपासलेल्याला मी नापास कसा करू?"

"अहो, पण दार ठोठावायचं एकदा!"

"ते ती करायची," काका म्हणाले. "मला नाय जमत, बाय. दोन मजले उतरून गेलो होतो काल. बेल वाजवायला हात उचलला आणि परत आलो. लोक म्हणतील, आला पेन्सिलवाला."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. जेवणानंतर काय सांगायचं होतं, असं विचारलं. ते फोटोकडे वळून बोलले. हे मी जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"मी पेपर वाचत होतो. ती आतून आली, हात ओला, फोन पुढं धरला. म्हणाली, अवो, ह्ये खरं हाय का, बघा ना जरा. मी पेपर खाली केला नाय, वंदना. पेपराच्या मागूनच म्हटलं, हो, असंल, कर. बत्तीस वर्षं मी हात लावल्याशिवाय एका नगावर सही केली नाय. आणि तिनं विचारलं तेव्हा न बघता पास केलं. मग खाली येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, हिनं बोट लावलं. ती बाजूला उभी. एक शब्द बोलली असती, अवो मी विचारलं होतं तुम्हाला, तर माझं तोंड बंद झालं असतं. नाय बोलली. घरी आल्यावर पण नाय. मरेपर्यंत नाय."

खाली रस्त्यावर कुणी स्कूटर सुरू करत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"ती मूरख म्हणून गेली तुमच्यात," काका म्हणाले. "मला सगळ्यांच्या देखत सांगायचं होतं की चूक इन्स्पेक्टरची होती. म्हणून बोलावलं. आता राहू दे. तुझ्या घरच्यांसाठी वाढून ने."

मी लिफ्टच्या बटणाचा विनोद केला होता, ते मला तेव्हा आठवलं आणि माझीच लाज वाटली. मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं: 'काकांकडे खरंच जेवण आहे. पानं मांडलीत. सगळे लगेच वर या.'

अर्ध्या मिनिटात शिंदेंचं उत्तर: 'सावधान. वंदनाताईंचा फोन हॅक झालेला दिसतो. कोणी प्रतिसाद देऊ नये.' त्याखाली फुल्या. त्यातली एक फुली आमच्याच घरातून, माझ्या नवऱ्याने टाकलेली. काकांना दाखवलं. इतक्या दुःखातही त्या माणसाच्या तोंडावर क्षणभर समाधान आलं. "तयार झालेत," म्हणाले.

मी उठले. देव्हाऱ्याजवळ काकूंची कोयरी होती, पुसून ठेवलेली. ती घेतली आणि जिना उतरले. एकेक दार ठोठावलं. काकू काय म्हणायच्या तेच म्हणत गेले, जेवाला या, आणि कुणी 'बघतो' म्हणालं की तिथून हलले नाही. शिंदेंनी दारातून माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मेघराजभाई साखळी न काढता फटीतून म्हणाले, "भाभी, पहले व्हिडिओ कॉल करो." मी म्हटलं, "भाई, समोर उभी आहे, हात लावून बघा." तेव्हा त्यांनी कोयरी पाहिली. साखळी काढली. "काकी का है ना यह?" एवढंच विचारलं आणि आत जाऊन शर्ट बदलून आले.

दोन वाजेपर्यंत जिन्यापासून गच्चीच्या पायऱ्यांपर्यंत चपला झाल्या होत्या. वडे गार झाले होते, बाईने पुन्हा तव्यावर गरम केले. काका स्वतः खीर वाढत फिरले. गुडघा दुखत होता तरी प्रत्येकासमोर वाकले. सगळ्यांचं होत आलं तेव्हा ते फोटोजवळ उभे राहिले आणि मला सांगितलेलं सगळं सगळ्यांना सांगितलं. पेपरासकट. एकही शब्द मऊ केला नाही. शेवटी म्हणाले, "तर ते रिजेक्ट माझ्या नावावर आहे. तिच्या नाय."

शिंदे पत्रावळीवरच्या भाताची शितं गोळा करत राहिले. बायका फोटोकडे बघत होत्या, आणि मला ठाऊक आहे की प्रत्येकीला आपापला विनोद आठवत होता. मग मेघराजभाईंनी वाटी पुढे केली. "साईं, खीर दो. काकी के हाथ जैसा तो नहीं है, पर दो." काका वाकले आणि वाढताना अर्धी खीर पत्रावळीवर गेली. मेघराजभाईंनी ती बोटाने पुसून खाल्ली.

बोर्डावर अजून पत्रं लागतात. ड्रिलही होतं, महिन्यातून एक, ठरावाप्रमाणे. पण शिंदेंनी एक नवा नियम काढला आहे, की जेवणाचं बोलावणं दारावर जाऊनच करायचं. कोयरी माझ्याकडे आहे. काकांनी दिली.

माझ्या फोनवरही आठवड्यातून दोनतीन तसले मेसेज येतात. मला आता ते लांबूनही ओळखू येतात. आडनाव बघायचीही गरज पडत नाही. तरी मी ऑफिसातून आल्यावर एक मजला चढून वर जाते. काका खिडकीशी पेपर वाचत असतात. मी फोन पुढे धरते आणि विचारते, "काका, हे खरं आहे का? बघा ना जरा."

काका पेपर खाली घेतात, त्याची नीट घडी करतात, बाजूला ठेवतात. मग चष्मा घालतात आणि म्हणतात, "आण. बघू."